पाण्याच्या वेळेची सगुणा

ही गोष्ट जुनी आहे. किती जुनी, ते शिंपवण्यात कोणाला विचारू नका. विचारलंत, तर प्रत्येक म्हातारा वेगळं साल सांगेल आणि दुसऱ्याचं साल खोटं ठरवून संध्याकाळपर्यंत भांडेल. तोवर गोष्ट तशीच राहील. तेव्हा एवढंच धरून चला, की फार वर्षांपूर्वी शिंपवण्याच्या खाडीवरचा पूल एका सकाळी बंद झाला.

खाडीच्या अलीकडे शिंपवणे, पलीकडे करजाळ. शिंपवण्यात घरं, करजाळात सगळी कामं. शाळा तिकडे, दवाखाना तिकडे, बाजार तिकडे आणि बाळशेटचा काजूचा कारखानाही तिकडेच. पूल झाल्यापासून खाडीकडे कोणी फिरकत नव्हतं. होड्या माडाखाली पालथ्या पडून होत्या आणि त्यांच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मग पुलाच्या एका खांबाला भेग पडली, सरकारी माणसांनी दोन्ही तोंडांना दगड रचले, लाल निशाण लावलं आणि ती निघून गेली. एसटी दगडांपाशी येऊन तोंड फिरवून परत जाऊ लागली. घाटातून वळसा घालून जायचं, तर सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचायचा आणि पोचला की लगेच परत निघायला लागायचा.

त्या गावात सगुणा नावाची पोर होती. बापाचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण नंतर ते कोणी विचारलंच नाही. ती बाळशेटच्या कारखान्यात काजू फोडायची. गावातल्या निम्म्या बायका तिथेच कामाला होत्या. बिया फोडून सगळ्यांची बोटं काळी झाली होती, आणि त्या काळ्या बोटांच्या बायका गावसभेत पुढच्या ओळीत बसायला लागल्या होत्या. आधी त्या दाराआड उभ्या राहायच्या. सगुणेची आईही पुढे बसायची, आणि पटलं नाही तर मोठ्याने बोलायची. हे काही जणांना खुपत होतं. पूल बंद झाला तेव्हा ओट्यावरचे दोन-तीन जण तर म्हणालेच, की बायका चार दिवस घरी बसल्या तर काही बिघडत नाही.

पण बिघडणार होतं. बाळशेटने निरोप धाडला होता, की भोंग्याला ज्या दारात नसतील, त्यांच्या जागी या महिन्यात तो घाटावरच्या बायका आणून बसवेल. साडेनऊला भोंगा वाजला, की फाटक बंद, मग बाहेर प्रत्यक्ष खाडजाई देवी उभी असली तरी उघडायचं नाही, असा त्याचा पहारेकऱ्याला हुकूम होता.

सगुणेने तो निरोप ऐकला आणि ती थेट देवळात गेली. तिथे गावचे मानकरी बसले होते. तिने सांगितलं, की होड्या काढा आणि तर, म्हणजे होडीची ने-आण, सुरू करा. आता कुठल्याही शहाण्या गावात यावर होड्या सुलट्या केल्या असत्या. शिंपवण्यात आधी खाडजाईचा कौल घ्यावा लागतो. देवीच्या अंगावर कळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि कौल घ्यायला अणाजी खोत आणि रावबा गावकर दोघेही हजर लागतात. त्या दोघांचं शिमग्यापासून बोलणं बंद होतं, कारण पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा यावर त्यांचं वाजलं होतं. त्यांना एका छपराखाली आणायला सगुणेच्या आईने काय केलं, याच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींत तिच्या हातात केरसुणी आहे.

शेवटी दशमीच्या सकाळी कौल लागला. खाडी काठोकाठ भरलेली होती, देवळाच्या पायरीवरून पाणी चमकताना दिसत होतं. गुरवाने विचारलं, आई, नऊच्या ठोक्याला तर सोडायची का? उजवी कळी टपकन पडली. सगळे हरखले. होड्या सुलट्या झाल्या, कोंबड्या ओरडत पळाल्या, आणि नऊला पहिली तर सुटली. बायका भोंग्याआधी दारात होत्या.

दुसऱ्या दिवशीही तर नऊला सुटली. तिसऱ्या दिवशीही. पण भरती काही कौल ऐकत नाही. ती रोज थोडी उशिरा येते, हे चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या लहान मुलीलाही ठाऊक असतं. मानकऱ्यांनाही ठाऊक होतं. पण देवीने नऊ सांगितलं होतं आणि नवा कौल घ्यायचा, तर अणाजी आणि रावबाला पुन्हा एकत्र आणायला हवं. तेव्हा नऊ म्हणजे नऊ. होडी तळाला घासत जाऊ लागली. मग बायका गुडघाभर चिखलातून ढकलत नेऊ लागल्या. एक दिवस भोंगा वाजला तेव्हा त्या निम्म्या खाडीत होत्या आणि फाटकावरून परत आल्या. त्या दिवशी बाळशेटने घाटावर माणूस पाठवला.

सगुणा पुन्हा देवळात गेली. "आबा," ती अणाजी खोताला म्हणाली, "देवीने त्या दिवशीचं हो म्हटलं होतं. त्या दिवशी नऊला पाणी होतं."

"देवीचा शब्द रोज बदलत नाही, पोरी."

"देवीचा नाही बदलत. पाणी बदलतं. तेही तिचंच आहे ना?"

अणाजींनी पानाची पिंक टाकली. छपराबाहेर पायरीवर बसलेल्या रावबांनी दुसरीकडे पाहिलं, कारण अणाजींशी सहमत होणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि सगुणेशी तर त्याहून नव्हतं. सगुणा चिडून निघाली. असं म्हणतात, की ती पायऱ्या उतरत होती तेव्हा देवीच्या अंगावरच्या उरलेल्या सगळ्या कळ्या कोणी न विचारताच उजवीकडे पडल्या. पण तेव्हा देवळात फक्त म्हातारे होते आणि ते पान लावत होते.

यानंतरचं ऐका.

बायकाच आळशी आहेत, होडी अगदी वेळेवर सुटते, हे बाळशेटला दाखवायचं असं मानकऱ्यांनी ठरवलं. त्यांनी त्याला आदल्या दिवशी खोतांकडे जेवायला बोलावलं आणि मुक्कामाला ठेवलं. सकाळी त्याला वाजतगाजत उतारावर आणलं. नऊला होडीत बाळशेट, अणाजी, रावबा, गुरव आणि आणखी दोन मानकरी बसणार होते. बायकांना सांगितलं, की तुम्ही दुसऱ्या खेपेला या.

खाडी त्या वेळी उतरत आली होती. मधोमध एक पट्टा फक्त चमकत होता, बाकी सगळा चिखल आणि त्यावर पळणारे खेकडे. सगुणा काठावर उभी राहून म्हणाली, की आबा, जाऊ नका. कोणी ऐकलं नाही. तरीही पलीकडे पोचले असते कदाचित, पण होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कोणी बसायचं यावर अणाजी आणि रावबाचा वाद झाला. दोघांनीही एकेक पाय आत टाकला आणि एकेक बाहेर ठेवला. तो वाद मिटेपर्यंत खाडीने आणखी थोडं पाणी आवरतं घेतलं. शेवटी दोघे पाठीला पाठ लावून नाळेवर बसले आणि होडी ढकलली गेली. ती निम्म्यावर पोचली, घसटली, थोडी वळली आणि चिखलात तळ टेकून निवांत बसली.

गुरवाने वल्हं रोवलं. वल्हं आत गेलं आणि तिकडेच राहिलं. बाळशेट उतरायला गेला, तर मांडीपर्यंत रुतला. त्याला ओढून वर घेताना त्याचा एक जोडा चिखलाने ठेवून घेतला. आणि तेवढ्यात करजाळच्या बाजूने साडेनऊचा भोंगा वाजला, लांबलचक, स्पष्ट, सगळ्या खाडीवरून.

काठावरच्या बायका हसल्या नाहीत असं म्हणतात. पण ते खरं नाही. त्या इतक्या हसल्या, की तिवरांवरचे बगळे उडाले.

सगुणा मात्र घरी गेली आणि तिसऱ्या काढायची फळी घेऊन आली. चिखलावर फळी टाकायची, एक गुडघा तिच्यावर टेकायचा आणि दुसऱ्या पायाने ढकलत सरकायचं, हे तिथल्या बायका चालायला लागल्यापासून शिकतात. फळीवर तिने पेजेचं मडकं आणि चार शहाळी ठेवली आणि सरसर होडीपाशी गेली.

"शेट, पेज घ्या," ती म्हणाली.

"आज संकष्टी," बाळशेट कुरकुरला. "आधी मला पलीकडे पोचव."

"पोचवते की. पाणी आलं म्हणजे."

"कधी येणार पाणी?"

"त्याच्या वेळेला. तुमच्या भोंग्याला विचारून नाही यायचं ते."

बाळशेटने कारखान्याकडे पाहिलं. धुराड्यातून धूर निघत नव्हता. दारात फोडायच्या बियांची पोती पडली होती, आत एक बाई नव्हती. घाटावरून बायका आल्या असत्या, तरी राहायला घरं शिंपवण्यातच, म्हणजे त्यांनाही रोज याच चिखलातून यावं लागलं असतं, हे त्याला आत्ता, एका पायात जोडा असताना, पहिल्यांदा कळलं.

"भोंगा वाजला ना, शेट," सगुणा म्हणाली. "आता तुमचं फाटकही बंद झालं असेल."

असं म्हणतात, की यावर तो माणूस आधी लाल झाला, मग पांढरा झाला आणि मग त्याला हसू फुटलं. त्याचं हसू पाहून गुरव हसला. रावबा हसले. अणाजी हसायचे नव्हते, पण रावबाची पाठ त्यांच्या पाठीला लागलेली होती आणि ती इतकी हलत होती, की त्यांनाही हलावं लागलं. शिमग्यापासून त्या दोघांनी एकत्र केलेली ती पहिलीच गोष्ट.

सगुणेने शहाळी फळीवरच ठेवली होती. तिने विचारलं, "आता सांगा. काम कोणाच्या वेळेने चालायचं?"

ऊन चढलं होतं. खेकडे होडीच्या काठावर येऊन आत पाहत होते.

"पाण्याच्या," अखेर अणाजी खोत म्हणाले. "दे ते शहाळं."

पाणी आलं तेव्हा सूर्य डोक्यावर होता. सगुणेने होडी पलीकडे नेली, मागून बायकांच्या होड्या आल्या. फाटक बंद होतं आणि पहारेकरी हुकमाचा पक्का होता. त्याने बाळशेटलाही आत घेतलं नाही. बाळशेटला स्वतःच्या भिंतीवरून चढून स्वतःच्या हाताने भोंगा वाजवावा लागला. त्या दिवशी करजाळात भोंगा दोनदा वाजला, आणि दुसऱ्या वेळी सगळ्या बायका दारात होत्या.

तेव्हापासून पूल उघडेपर्यंत त्या खाडीवर सगळं पाण्याच्या वेळेने चाललं. काठावर एक काळी धोंड आहे. भरतीचं पाणी तिच्या कमरेला लागलं, की सगुणा माडाला आपलं लाल लुगडं बांधायची. ते दिसलं की पलीकडे भोंगा वाजायचा, भोंग्यामागून शाळेची घंटा, घंटेमागून बाजार. एसटी लुगडं बघून सुटायची. डॉक्टर लुगडं बघून सुई उकळायला ठेवायचा. लग्नाचे मुहूर्तही धोंडेला विचारून काढले जाऊ लागले आणि ती लग्नं टिकली म्हणतात. आज सकाळी काम, चार दिवसांनी दुपारी, असं रोज बदलत जायचं, आणि सुरुवातीला ज्यांची चिडचिड झाली, तेच पुढे म्हणू लागले, की घड्याळाच्या वेळेने आपण कसे जगत होतो कोण जाणे.

आणि होडीत आधी कोणी बसायचं, हेही सगुणेने ठरवून टाकलं. ज्याला पलीकडे काम आहे तो आधी. ज्याला नुसता मान आहे तो शेवटी, जागा उरली तर.

एकदा ओहोटी लागली असताना पार्वती घाडीण काखेत तान्हं मूल घेऊन धावत उतारावर आली. होडी सुटली होती आणि पाणी भराभर मागे जात होतं. असं म्हणतात, की सगुणेने वासा खाडीत रोवला आणि शांतपणे म्हटलं, "थांब गो जरा, एक बाय राहिली आहे." आणि खाडी थांबली. पार्वती बसेपर्यंत धोंडेवरची पाण्याची रेघ हलली नाही. म्हातारे म्हणतात, की ते वाऱ्यामुळे झालं. त्यांना काय, ते तेव्हाही होडीत शेवटी बसलेले होते आणि त्यांना नीट दिसत नव्हतं.

घाटावरच्या बायका कधी आल्याच नाहीत. शिंपवण्याच्या बायका कामावर राहिल्या आणि गावसभेतही पुढच्याच ओळीत राहिल्या. पुढे पूल दुरुस्त झाला, दगड निघाले, एसटी सरळ जाऊ लागली. सगुणेचं काय झालं, ते कोणी नीट सांगत नाही. कोणी म्हणतं ती करजाळात मुकादम झाली आणि खूप वर्षं जगली. कोणी म्हणतं ती एका भरतीला होडी घेऊन गेली ती समुद्रातच. तिसऱ्या काढणाऱ्या बायका म्हणतात, कुठे जायची? पाणी धोंडेला लागतं तेव्हा चिखलावर फळीची ताजी रेघ दिसते, ती कोणाची आहे मग?

आजही कार्तिकातल्या संकष्टीला शिंपवण्याचा पूल बंद करतात. भेग नसते, काही नसते, तरी दगड लावतात आणि लाल निशाण रोवतात. त्या दिवशी कोणीही येवो, आमदार असो की कलेक्टर, गाडी अलीकडेच राहते. सकाळी नऊला गावचे सगळे मानकरी धुतलेलं धोतर नेसून एका होडीत बसतात आणि त्यांना ढकलून नेऊन मधोमध चिखलात सोडून देतात. खोत आणि गावकर नाळेवर पाठीला पाठ लावून बसतात, तो आता त्यांचा मान आहे. ऊन चढतं. खेकडे येऊन बघून जातात. मग गावातल्या पोरी फळ्यांवर शहाळी घेऊन सरकत येतात आणि होडीपासून हातभर अंतरावर थांबतात.

"काम कोणाच्या वेळेने चालायचं?" त्या विचारतात.

दरवर्षी एखादा म्हातारा आधी घड्याळ काढून बघतो. पोरींना घाई नसते. त्या फळीवर बसून राहतात, आणि त्याने घड्याळ खिशात ठेवलं की शहाळं पुढे करतात.