पाठीवर भाता, पाठीवर बोचकं

फार मागे, जेव्हा डोंगरावरच्या रानाला नाव नव्हतं आणि तिथल्या वाटा माणसांपेक्षा जनावरांनाच जास्त ठाऊक होत्या, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत.

त्या रानाच्या कडेला शिकाऱ्यांची एक वाडी होती. तिथली माणसं शिकारीला कधी एकटी जात नसत, जोडीने जात. कारण अगदी साधं होतं. माणसाला पाठ एकच असते. तिच्यावर बाणांचा भाता अडकवला, तर भाकरी, पाणी, घोंगडी आणि येताना मांस घालायचं बोचकं कुठे घ्यायचं? भात्यावर बोचकं बांधलं तर बाणांची पिसं चुरगळतात आणि ऐन वेळी हात पोचत नाही. बोचक्यावर भाता बांधला तर बाण फांद्यांत अडकतात, खडखडतात आणि जनावर पसार होतं. कमरेला लटकवला तर चढणीवर पायात येतो. म्हणून एकाने बोचकं घ्यायचं, दुसऱ्याने भाता.

बोचकेवाला पुढे चालून वाट काढायचा, धनुष्यवाला त्याच्या मागे. मागून जिभेचा ‘टक्’ असा आवाज आला की बोचकेवाल्याने तिथल्या तिथे खाली बसायचं, आणि बाण त्याच्या डोक्यावरून जायचा. त्याने मागे वळून बघायचं नाही, कारण मान हलली की जनावर बिथरतं. दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. शिकार मात्र कुणाचीही पाळी असो, निम्मी निम्मी.

आता हे बोलायला सोपं आहे. आपल्या पाठीशी ताणलेलं धनुष्य घेऊन कुणीतरी चालतंय आणि आपण वळून बघायचं नाही, याला काळीज लागतं. मागच्या माणसावर तेवढा विश्वासही लागतो.

वेस्ता आणि झिपरू ही वाडीतली सगळ्यांत जुनी जोडी. मिसरूड फुटल्यापासून दोघे एकमेकांच्या मागेपुढे चालत आले होते. वेस्ताचा नेम वाडीत अव्वल होता, आणि हे वाडीपेक्षाही वेस्ताला जास्त माहीत होतं.

वेस्ताला एकच मुलगी, मोगी. तिचं लग्न ठरलं. मुलीच्या बापाने नवऱ्याच्या अख्ख्या वाडीला पोट भरेल इतकं मांस वाढायचं, अशी तिथली रीत. वेस्ता रोज येऊन मांस वाळत घालायचा, रोज बघायचा, आणि ते काही पुरेसं वाढत नव्हतं. लग्न तर तोंडावर आलं. शेवटी त्याने झिपरूला सांगून टाकलं, की लग्न होईपर्यंत मी एकटाच जाणार.

झिपरू चिडला नाही. त्याने विचारलं, “पाठीवर दोन्ही कसं घेशील?”

“घेईन कसंतरी.”

“मग असं कर. माझा वाटा तूच घे. मी नुसता संगतीला येतो.”

चांगल्या माणसाने इथे मित्राला मिठी मारली असती. पण वेस्ताच्या मनात भलतंच आलं. उद्या पंगतीत लोक म्हणतील, वेस्ताने पोरीचं लगीन झिपरूच्या मांसावर उरकलं. तो म्हणाला, “मला कुणाच्या उपकाराचं नको,” आणि निघाला.

त्या दिवशी रानात धुकं उतरलं होतं. वेस्ताने आधी भाता पाठीला बांधला, वरून बोचकं. थोडं चालल्यावर बोचक्याने बाण पाठीत रुतायला लागले. एका ओहोळाशी त्याला सांबर दिसलं, चांगलं थोराड, मान खाली घालून पाणी पिणारं. वेस्ताने धनुष्य उचललं आणि उजवा हात मागे नेला. हात बोचक्यावरच अडला. बोटं चाचपडत राहिली. बोचकं उतरवावं तर आवाज होणार. सांबराने एक कान वळवला.

वेस्ता ओठांतल्या ओठांत पुटपुटला, “कुणी बाण काढून दिला असता तर.”

मागून त्याच्या तळहातावर बाण ठेवला गेला.

हळूच ठेवला, पिसं मोडू न देता, जसा जोडीदार देतो तसा. बाण देणारी बोटं त्याच्या हाताला लागली, ती ओहोळातल्या दगडासारखी गार होती. पण सांबर समोर होतं, वेस्ताने बाण सोडला आणि सांबर पडलं. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की आपलाच हात पोचला असणार. हवं ते मिळालं की माणूस फार खोलात जात नाही.

त्याने तिथेच सांबर सोललं आणि सगळं मांस बोचक्यात भरलं. एवढं ओझं एकट्याला उचलणार नाही, हे त्याला कळत होतं. पण उचललं तर ते हलकं लागलं, जणू कुणी मागून हात लावला होता. वाटभर त्याच्या पावलामागे पाऊल वाजत राहिलं. तो थांबला की तेही थांबायचं. वेस्ताने मागे वळून पाहिलं नाही. आज तो सवयीमुळे नाही, भीतीने सरळ बघत चालला होता.

दिवस कलताना तो घरी पोचला. बायकोने दारात पाण्याचे दोन तांबे आणून ठेवले आणि विचारलं, की तुमचा सोबती बाहेर का थांबलाय, त्याला आत बोलवा. वेस्ता म्हणाला, सोबती कुठला, मी एकटाच आहे. तिने चिंचेखाली बोट दाखवलं, तर तिथे कुणी नव्हतं.

मोगी मात्र म्हणाली, “बा, तो तुमच्या मागोमाग आला. तुम्ही पाय उचलला की तोही उचलायचा. तोंड नाही दिसलं त्याचं.”

वेस्ता त्या दोघींवर खेकसला आणि जेवून झोपला. सकाळी उठून बघतो तर मांस निम्मं झालेलं. कुत्र्याने ओढलेलं नाही, चोराने उपसलेलं नाही. कण्यापासून नीट दोन भाग केलेले, वाडीत वाटणी करतात तशीच सरळ सुरी चालवलेली, आणि एक भाग नेलेला. खुंटीवरचं धनुष्य आणि भाताही गेला होता. बोचकं मात्र बांधून, पट्टे सैल करून, उंबऱ्यावर तयार ठेवलेलं होतं.

वेस्ताला सगळं कळलं. काल बाण आपण मारला. आज पाळी बदलली होती.

तो तसाच झिपरूकडे धावला आणि त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं. झिपरू ऐकता ऐकता पांढरा पडला. त्याच्या आजाने त्याला सांगितलं होतं, की रानात न बघितलेल्या हातातून बाण घेतला, म्हणजे जोडी ठरली.

“तू चल माझ्यासंगं,” वेस्ता म्हणाला. “मी चुकलो गड्या.”

“चाललो असतो,” झिपरू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “पण कुठं चालू? पुढं तू, मागं तो. माझी जागा भरली, वेस्ता.”

“आणि मी आज उठलोच न्हाई तर?”

झिपरूची नजर वेस्ताच्या घराकडे गेली. सांगायची गरज नव्हती, कारण ही रीत वाडीत सगळ्यांनाच माहीत होती. माणूस पाळीला उठला नाही, तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याने बोचकं उचलायचं.

वेस्ता घराकडे पळत सुटला. मोगी उंबऱ्यात उभी होती. बोचक्याचा एक पट्टा तिने खांद्यात घातला होता आणि दुसऱ्यासाठी हात मागे नेला होता. तिची नजर रानाकडे लागली होती.

“बा, मला कुणीतरी हाक मारली,” ती म्हणाली. “म्हणालं, चल, उशीर होतोय.”

वेस्ताने तिच्या खांद्यावरून बोचकं ओरबाडून घेतलं आणि स्वतःच्या पाठीवर चढवलं. असा बाप चुकतो, हट्ट करतो, मित्राला तोडतो, पण लेकीच्या खांद्यावरचं ओझं त्याला बघवत नाही. हे मी वेस्ताच्या बाजूने आवर्जून सांगतो, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं काही नाही. त्याने मोगीच्या डोक्यावर हात ठेवला. मागून धापा टाकत आलेल्या झिपरूला एवढंच म्हणाला, की लगीन थांबवू नकोस. मग तो धुक्यात शिरला. झिपरूला आधी एकाच्या पावलांचा आवाज ऐकू आला, थोड्या वेळाने दोघांच्या.

वेस्ता त्या सांजेला आला नाही, दुसऱ्याही दिवशी आला नाही.

लग्न मात्र थांबलं नाही. झिपरूने वाडीतला दुसरा जोडीदार गाठला, दिवसरात्र रान तुडवलं आणि नवऱ्याच्या अख्ख्या वाडीला पोटभर वाढलं. उपकाराचा शब्द कुणी काढला नाही. कुणाच्या मनातही तो आला नाही.

लग्नानंतर वऱ्हाड रानाच्या कडेने परत निघालं. भर दुपार होती, तरी झाडांत धुकं होतं. तेवढ्यात मोगीला बाप दिसला. पाठीवर बोचकं, कमरेत वाकलेला, वाट काढत पुढे चाललेला. त्याच्या मागे काही अंतरावर कुणीतरी होतं. त्याच्या पाठीवर फक्त भाता होता, आणि बाणांची सगळी पिसं नीट होती.

“बा,” मोगीने हाक मारली. मग सगळ्या वऱ्हाडाने हाका मारल्या. त्याला ऐकू आलं असावं, कारण त्याची पावलं अडखळली. पण त्याने मान वळवली नाही.

रानातून ‘टक्’ असा आवाज आला, आणि वेस्ता तिथल्या तिथे खाली बसला. त्याच्यासमोर ना सांबर होतं ना ससा, नुसती मोकळी वाट होती. मागे धनुष्याची दोरी करकरत ताणली गेली आणि तशीच ताणलेली राहिली. बऱ्याच वेळाने दोरी सैल झाली, वेस्ता गुडघ्यावर हात देऊन उठला आणि दोघे पुढे निघून गेले.

ते दोघे पुढेही कित्येकांना दिसले. वेस्ताच नेहमी पुढे असायचा आणि बोचकं त्याच्याच पाठीवर असायचं. त्या जोडीत पाळी पुन्हा कधी बदलली नाही.

म्हणून ध्यानात ठेवा: जो आपल्या सोबत्याला परत पाठवतो, त्याच्या मागे कोण चालणार हे ठरवणं त्याच्या हातात उरत नाही.