मातीचा खुराक

"यातला कुठला घेऊ, वस्ताद?"

धैर्यशीलने पिशवी उपडी केली. डबे कट्ट्यावर गडगडले. एक काळा, भला थोरला, त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या बाटल्या. माशाचं तेल. आणि रबर लावलेली एक नुसतीच पुडी, तिच्यावर नाव ना गाव.

बाबालाल वस्ताद घमेलं पुढ्यात घेऊन लिंबं चिरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सगळं दुकानच उचलून आणलंस म्हण की."

"तुम्ही सांगाल तेवढं ठेवतो. बाकीचं परत देतो."

परत द्यायचा त्याचा अजिबात विचार नव्हता. वस्तादांनी 'सगळंच घे' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

वारणाकाठच्या त्या जुन्या तालमीचा धैर्यशील खोत हा बिनीचा गडी. निवड चाचणी तोंडावर आलेली, गावानं आधीच त्याला निवडून टाकलेलं, आणि नेमकं आताच त्याचं अंग साथ सोडत होतं. कुस्ती रंगात येण्याआधीच दम लागायचा. पट काढायला वाकला की मांड्या भरून यायच्या. परवा तर त्याच्यापेक्षा कितीतरी हलक्या गड्यानं त्याला आस्मान दाखवलं. "होतं असं कधीकधी," सगळे म्हणाले.

धैर्यशीलला मात्र वाटत होतं की आपण संपलो. हे तो कुणालाच बोलला नव्हता. त्याऐवजी डबे आणत होता.

वस्तादांनी सुरीच्या टोकानं काळा डबा दाखवला.

"ह्यो कशाचा?"

"प्रोटीन. दुधापासनंच काढतात."

"दूध पितोस न्हवं?"

"पितो."

"अंडी? डाळ? मटण?"

"सगळं."

"त्यातनं पुरत नसंल तर घे की चमचाभर. दुधाचंच पोर हाय ते, त्याच्याशी काय भांडण न्हाई आपलं. आन् ह्या गोळ्या? डॉक्टरनं दिल्या?"

"नाही... जिममधल्या सरांनी."

"रक्त तपासून घे आधी. काय कमी निघालं तर डॉक्टर सांगंल ती गोळी घे. न्हाई निघालं तर उगं कशाला पोटात भरायचं?"

मग सुरी पुडीपाशी थांबली.

"ही?"

"व्यायाम झाला की घ्यायची. अंग दुखायचं लगेच थांबतं म्हणतात."

"काय हाय त्यात?"

"...माहीत नाही."

"चाचणीला लघवी तपासत्यात. ठावं हाय न्हवं?"

 वस्तादांनी पुडी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"ही माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

धैर्यशीलला एकदम हलकं वाटलं. ती पुडी कितीतरी रात्री त्याच्या उशाखाली होती. उघडायचं धाडस होत नव्हतं आणि टाकून द्यायचंही होत नव्हतं. आता ती त्याची राहिली नाही, हे फार बरं झालं.

पण पुडी गेली तरी धास्ती उरलीच होती.

"एवढ्यानं ताकद येईल, वस्ताद?"

वस्ताद लिंबू पिळत राहिले.

"मेहनत किती करतोस?"

या प्रश्नाची तो वाटच बघत होता. छाती आपोआप पुढे आली.

"पहाटे इथं. संध्याकाळी जिम. गुरुवारी तालमीला सुट्टी, म्हणून त्या दिवशी जिम दोन्ही वेळा. बाकीची पोरं लोळत पडतात, मी नाही. एका दिवसाचा खाडा नाही, वस्ताद!"

शाबासकीसाठी त्याने जरा पाठ पुढे केल्यासारखं केलं. शाबासकी काही आली नाही.

वस्तादांनी शेवटची फोड पिळली आणि हात झटकले.

"ऊठ. माती करायची हाय."

अधूनमधून हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, मातीला खुराक घालायचा, हा तिथला रिवाज. ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर. माणसाच्या आधी मातीनं जेवायचं, असं वस्ताद म्हणत. आणि या कामात धैर्यशीलचा अधिकार कुणी नाकारत नसे. दुसऱ्याच्या हातात तो फावडं देत नव्हता. मातीत खडा राहिला तर त्याला जेवण गोड लागत नसे. एकदा एका पाहुण्या पैलवानानं ओल्या हौद्यात पाय घातला, तर यानं त्याला काखेत धरून बाहेर काढला होता. पाहुणा चांगला वजनदार होता.

आजही तो हौद्यात उतरला. माती उकरली, ढेकळं फोडली. वस्ताद काठावरून ताक सोडत होते, हळद भुरभुरत होते. मधेच धैर्यशीलचे हात थरथरायला लागले. त्याने फावडं मांडीला टेकवलं आणि वस्तादांनी पाहिलं का ते चोरून बघितलं.

वस्ताद तेलाच्या डब्याचं झाकण लावत होते. फार वेळ लावत होते.

शेवटी माती सारखी झाली. धैर्यशील मागे मागे सरकत, स्वतःच्या पावलांच्या खुणा पुसत वर आला. तालमीत कापराचा आणि ताकाचा वास भरून राहिला होता. त्याचा ऊर भरून आला. निदान हे तरी आपल्याला अजून जमतंय, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात वस्तादांनी धोतर खोचलं.

"चल. हो खाली. धर माझी मान."

"आत्ता?"

"मग कवा? चाचणी काय थांबणार हाय व्हय तुझ्यासाठी?"

आणि म्हाताऱ्यानं खरोखरच पाय उचलला.

धैर्यशीलने झेप घेऊन त्यांचा दंड धरला. त्या तालमीत वस्तादांना असा हात आजवर कुणी घातला नव्हता.

"पाय नका घालू, वस्ताद!"

"का रं?"

"आत्ता तर खुराक घातलाय. मुरू दे की जरा!"

"खुराक झ्याक घातलाय. तेल हाय, हळद हाय, काय कमी न्हाई. आता दाव म्हणावं जोर."

"असं कुठं असतंय का? आत्ता तुडवली की घट्ट बसंल ती. दगड होईल नुसता. पाठ मोडंल कुणाचीतरी."

"मग आणिक तेल घालू?"

"तेलानं काय होतंय, वस्ताद?" धैर्यशीलचा आवाज चढला. आपण कुणाशी बोलतोय याचं त्याला भान राहिलं नाही. "वरनं कितीबी ओता! ती गप पडून ऱ्हायल्याशिवाय त्यातलं काय तिच्या अंगी लागत न्हाई. तिला रोज तुडवायची आन् वरनं..."

तो थांबला.

 वस्तादांचा पाय अजून तसाच अधांतरी...

धैर्यशीलने हळूच त्यांचा दंड सोडला. त्याने मातीकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते अजून थरथरत होते.

वस्तादांनी पाय मागे घेतला.

धैर्यशील हौद्याच्या काठावर बसला.  कट्ट्यावरचे डबे तिथून दिसत होते, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मला वाटलं... मी संपलो, वस्ताद."

बोलून गेला आणि त्याची मान खाली गेली.

वस्ताद त्याच्या शेजारी टेकले. गुडघे कुरकुरले, त्यांना त्यांनी एक शिवी घातली. मग धैर्यशीलच्या खांद्यावर लागलेली हळद ते अंगठ्यानं पुसत राहिले.

"संपलेला गडी एवढा भांडत न्हाई," ते म्हणाले.

धैर्यशील हसला. हसता हसता डोळे भरले, ते त्याने मातकट हातानंच पुसले, आणि मग तोंड मातीनं माखलं म्हणून पुन्हा हसला. किती दिवसांनी छाती मोकळी झाली होती. आणि त्याला जांभई आली. अशी लांबलचक, कान बंद करणारी, लहान मुलाला येते तशी जांभई. ती संपते न संपते तोच दुसरी आली.

वस्तादांनी डबे पिशवीत भरून त्याच्या हातात दिले. दोघं बाहेर आले. ऊन चांगलंच वर आलं होतं. वस्तादांनी दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

धैर्यशील पायरीवर घुटमळला. खोड इतक्या लवकर थोडीच जाते?

"वस्ताद, संध्याकाळी मग... थोडं हलकंच? नुसत्या बैठका?"

वस्तादांनी बंद दाराकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"आज तुझ्यावर कुणाचा पाय पडू दिऊ नको," ते म्हणाले. "तुझाबी."