गेरोल्टचा खटखट्या

फार फार मागे, युरोपातल्या एका गावाबाहेर गेरोल्ट नावाचा महारोगी राहत असे. महारोग्याने लाकडी खटखट्या वाजवतच चालायचं, म्हणजे लोक वेळीच बाजूला होतील, असा तिथला दंडक होता. खटखट्याला याचं फार वाईट वाटे. आपण तोंड उघडलं की आया पोरांना आत ओढतात, धडाधड दारं लागतात! एके सकाळी त्याने आपल्या दोन्ही फळ्या घट्ट मिटून घेतल्या.

गेरोल्टने पुष्कळ हलवलं, पण आवाज फुटेना. तो तसाच मुकाट्याने वेशीवरच्या दगडापाशी आला. तिथे रोज त्याच्यासाठी ताजा पाव ठेवलेला असे. आज दगड रिकामा होता.

उपाशीपोटी तो दुपारपर्यंत बसून राहिला. तेवढ्यात भट्टीवाली आल्डा धापा टाकत आली आणि दंडकाप्रमाणे लांबच थांबली. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"आहेस होय रे बाबा! तुझी खटखट ऐकली की मी पाव आणून ठेवते. आज आवाजच नाही. मला वाटलं, गेलास."

खटखट्याच्या फळ्या आपोआप सुटल्या.

दुसऱ्या दिवशी तो झोपडीपासूनच असा काही वाजत सुटला, की गेरोल्टला हसू आलं.

"अरे, हळू की! आल्डा काही बहिरी नाही."