वरवंटा विसरलेला खासेराव

खर्र... खर्र... असा एक आवाज मी लहानपणी ऐकलेला आहे. कोरड्या दगडावर दगड फिरावा, मध्ये ना मिरची ना लसूण, तसा. वैशाखातल्या दुपारी घाटातला वारा पडला की तो वळणावरून यायचा. आई म्हणायची, "कोंडाबाई वाटतेय. कुणीतरी भुकेलं चढतंय, एक भाकरी जास्तीची टाकते." आणि कुणीतरी यायचंच. आता मोटारींच्या घरघरीत तो आला तरी कळायचा नाही. पण मी ऐकला आहे.

हिवऱ्याच्या घाटात, अर्ध्या चढावर, रस्ता एका दगडाला वळसा घालून जातो. ते पाट्याचं वळण. दगड पाट्यासारखा दिसतो असं नाही, तो पाटाच आहे, वाटून वाटून मध्ये खोलगट झालेला. रस्ता करणाऱ्यांनी तो हलवून पाहिला आणि शेवटी रस्ताच वाकवला. त्याच्या समोर आमची खाणावळ. हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि फोडलेला कांदा, दुसरं काही मिळत नाही. सून हौसा रांधते. मी बाहेर बाकावर बसतो आणि विचारणाऱ्याला सांगतो.

विचारणारे पुष्कळ झालेत. पूर्वी माणसं जेवायला यायची, आता परीक्षा घ्यायला येतात. ताट आलं की आधी त्याचा फोटो. ताट निवतं, माशी बसते, माशीचाही फोटो. मग एक घास घेऊन डोळे मिटायचे, जणू समाधी लागली, आणि डोळे उघडून म्हणायचं, "लसूण जरा पुढे येतोय." लसूण काय बैल आहे पुढे यायला? एकाने मोबाइलवर लिहिलं म्हणे की जेवण ठीक आहे, पण दारातला म्हातारा बघत राहतो. बघतो. खाणारा माणूस कसा खातो, ते बघण्यासारखंच असतं.

परवा असंच एक जोडपं मोटारीतून आलं. साहेब ताट पुसून जेवले, दोनदा मागून घेतलं. प्रत्येक घासाला बायकोला सुनवत होते. "बघ शलाका, याला म्हणतात शेंगोळी. तुझी म्हणजे नुसता लगदा. इतकी वर्षं करतेस, काय चुकतं तेसुद्धा तुला कळत नाही." ती बाई खाली मान घालून भाकरी मोडत होती, पण तोंडात घास जात नव्हता. जेवण झाल्यावर साहेब माझ्याकडे आले, दात कोरत.

"बाबा, खरं सांगा, तुमचा सिक्रेट मसाला कोणता?"

"बसा साहेब," मी म्हटलं. "ताई, तुम्ही पण बसा. आधी या दगडाची गोष्ट ऐका. मग सांगतो."

ती अशी.

फार मागे, हा रस्ता नव्हता तेव्हा, इथून पायवाट होती. खालून मीठ वर जायचं, वरून धान्य खाली यायचं. काही बैलांच्या पाठीवर, काही माणसांच्या. त्या ओझेवाल्यांपैकी एकाची बायको कोंडाबाई. घरात मुलींवर मुली झाल्या म्हणून बापाने हिचं नाव कोंडा ठेवलं. सासरी येताना तिने आईचा पाटा-वरवंटा तेवढा आणला, असं सांगतात.

तिचा नवरा एकदा पाठीवर मिठाची गोणी घेऊन निघाला. पोटात काही नव्हतं. वाटेत कुठेशी एक गढी होती, तिथे त्याने भाकरी मागितली. आतून निरोप आला, "मालक जेवतायत." तो थांबला, थांबला, मग तसाच चढू लागला. अर्ध्या घाटात बसला तो उठलाच नाही. कुणी म्हणतात ती गढी पुढे गोष्टीत येणाऱ्या खासेरावाची. मला विचाराल तर कुणाचीही असेल. सगळ्या गढ्यांत मालक जेवतच असतात.

कोंडाबाई वर खिंडीत गेली. तिथे झोपडं घातलं, चूल मांडली आणि नेम केला की या वाटेने कुणी उपाशी जाणार नाही, आणि आलेल्या माणसाच्या पोटात घास गेल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. तो नेम म्हणजे तिचा नवराच होता, असं समजा. ज्या दिवशी एक माणूस उपाशी जाईल, त्या दिवशी तो पुन्हा मरेल. ती हुलग्याची शेंगोळी करायची. वाटसरू कुणी मूठभर धान्य ठेवायचे, कुणी सरपण, कुणी काहीच नाही. कोण काय ठेवतं ते तिने कधी वळून पाहिलं नाही.

खासेराव हा पायथ्याच्या गढीचा धनी. त्याच्यापाशी जमीन होती, घोडे होते, पण त्याला अभिमान होता तो जिभेचा. "माझी जीभ फसत नाही," म्हणायचा. उभ्या जन्मात त्याने पाण्याचा तांब्या हाताने भरून घेतला नव्हता, पण भात एक कढ जास्त शिजला की त्याला कळायचं. आणि कळलं की ताट ढकलायचा. त्याच्या चुलीवरच्या बायका त्याची पावलं ऐकून घामाघूम व्हायच्या. अशा माणसाला लोक रसिक म्हणायचे. आमच्याकडे गुरालाही चारा निवडून खाता येतो, त्याला कुणी रसिक म्हणत नाही.

एकदा हा घाटात भुकेला झाला. कोंडाबाईच्या दारात घोडा थांबला. ओझेवाल्यांच्या पंगतीत बसायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून घोड्यावरूनच खाल्लं म्हणे. वाडगा भरून, मग आणखी एक, मग आणखी. वाडगा चाटला. मग म्हणाला, "मीठ एक कण कमी आहे."

"असेल, सरकार," कोंडाबाई म्हणाली. "मीठ आणणारा राहिला नाही."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. जीभ तेवढी हुशार होती, बाकी सगळा अंधार.

पण घरी गेल्यावर त्याला दुसरं अन्न गोड लागेना. त्याने गडी पाठवला, काय घालतेस विचारून ये. कोंडाबाईने काही लपवलं नाही. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, जिरं, मीठ. वाटण घालून पीठ घट्ट मळ, बोटाएवढ्या वळ्या कर, पाण्याला उकळी फुटल्याशिवाय सोडू नकोस, नाहीतर विरघळतील, आणि चुलीवरून उतरली की लगेच वाढ. गढीवर तशी केली. तिकडे चूल आत, मालक माडीवर, ताट जाईपर्यंत तीन दारं आणि एक जिना. तोवर शेंगोळी गार होऊन थिजायची. खासेरावाने पातेलं अंगणात फेकलं. "ती बाई खोटं बोलते," म्हणाला. "काहीतरी लपवून ठेवलंय."

आपल्याला अजून सांगितलं नाही, असंच या लोकांना कायम वाटतं. सांगितलेलं सगळं समोर पडलेलं असतं, पण त्यात हात घालावा लागतो.

तो स्वतः वर गेला. "कोंडा ना तू? नाव शोभतंय. बोल, काय घालतेस?"

"सांगितलं की, सरकार."

"खरं सांग."

"मग खाली उतरा आणि वाटण वाटा. हात फिरला की आपोआप कळतं. वाटता वाटता सांगते."

सोबतची माणसं हसली. खासेराव लाल झाला. मी वाटू? मग त्याच्या त्या न फसणाऱ्या जिभेने निवाडा दिला, चव पाट्यातच आहे. "उचला रे तो दगड!"

बाई आडवी पडली. म्हणाली, "सरकार, खालून माणसं चढतायत. मी वाटणार कशावर? माझा नेम मोडेल." त्यांनी तिला बाजूला केलं, पाटा बैलावर लादला आणि निघाले.

आणि वरवंटा तिथेच राहिला.

हसा, ताई, हसा. आमच्या इथे लहान पोरंही या जागी हसतात. इतकी माणसं, एक धनी, गडी, बैल, पण जन्मात कुणी चटणीसुद्धा वाटलेली नव्हती. पाट्याला वरवंटा लागतो हे एकालाही सुचलं नाही. देवळातला नंदी चोरून न्यावा आणि पिंड शोधत बसावं, तसली अक्कल.

अर्धा घाट उतरले, तिचा नवरा जिथे बसला होता तिथपर्यंत. बैलही तिथेच बसला. पाटा घरंगळला आणि आडवा झाला, ऐन वाटेत. उचलायला गेले तर उचलेना. पहारी लावल्या, पहारी वाकल्या. वाट अरुंद, एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. खालून मिठाचे बैल आले ते अडले, वरून धान्याचे आले ते अडले. ऊन तापलं. माणसं भुकेने बसली.

तेव्हा कोंडाबाई वरून उतरत आली. कमरेवर पोर घ्यावं तसा वरवंटा घेऊन. डोक्यावर पीठ, मागून येणाऱ्या बैलवाल्यांपाशी पातेलं आणि तवा. कुणाला शिव्या नाहीत, शाप नाही. पाटा पडला होता तिथेच तीन दगडांची चूल मांडली आणि म्हणाली, "ज्याला खायचंय त्याने हात लावा. आज माणसं फार आहेत, मी एकटी पुरायची नाही."

ओझेवाले उठले. आळीपाळीने वाटू लागले. वाटता वाटता ती सांगत होती, मीठ लसणातच वाट, मिरची भरड ठेव. पातेलं उतरलं की तिथल्या तिथे वाढलं. सगळे जेवले. खासेराव दरडीच्या सावलीत बसून वास घेत होता.

शेवटी गड्याला म्हणाला, "जा, माझ्या वाट्याचं वाट."

गड्याने वाटलं. कोंडाबाईने वाडगा भरला आणि गड्याच्याच हातात दिला. "ज्याने वाटलं त्याने खायचं." गड्याने धन्याकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं. वाडगा जवळ होता.

"कशी झालीय रे?" खासेरावाने विचारलं.

"ते सांगता येत नाही, सरकार," गडी भरल्या तोंडाने म्हणाला.

मग मात्र खासेराव उठला. बाईचा नेम त्याला ठाऊक होता. म्हणाला, "मी उपाशी निघालो, कोंडा. या वाटेने उपाशी चाललोय. तुझा नेम मोडला, बघ. नाहीतर मुकाट वाढ."

बाईचा हात थांबला. वाढावं तर हा जिंकला, न वाढावं तर नवरा पुन्हा मेला. असं सांगतात की तिने आधी पाट्यावर हात ठेवला. मग तव्यावरची भाकरी उचलली, वर चिमूटभर मीठ ठेवलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि त्याच्यापुढे जाऊन ठेवलं.

"भुकेला भाकरी देणं माझं काम, सरकार. ती खा, उपाशी जाऊ नका. चव मात्र मी देऊ शकत नाही. ती ज्याच्या त्याच्या हाताला येते."

तो खाणार नाही असं सगळ्यांना वाटलं. पण पोट कुणाचंच सरदार नसतं. कोरडी भाकरी त्याने सगळी खाल्ली, मीठ बोटाने टिपून खाल्लं, तांब्या रिकामा केला. मग म्हणाला, "भाकरी करपलीय."

आणि घाट उतरून गेला. कुणी म्हणतात, म्हातारपणी त्याची जीभ मेली आणि तो पश्चात्तापाने इथे येऊन वाटत बसायचा. देवळातले कीर्तनकार तसं सांगतात, लोकांना बरं वाटतं. मी सांगत नाही. तसली माणसं येत नाहीत.

कोंडाबाईने झोपडं इथेच आणलं. आजही पाटा तिथेच आहे, वरवंटा हौसा रोज धुऊन पुसून घेते. आजही या वळणावर कुणी उपाशी जात नाही. आणि आजही आमच्याकडे जेवणाचं काही विचारायचं असेल तर पाट्यावर वाटायला बसावं लागतं. वरवंटा फिरतोय तोवर हौसा सांगत राहते. हात थांबला की ती पण थांबते. जो खाऊन वर खोड काढतो, त्याला गावात खासेराव म्हणतात, बायकासुद्धा म्हणतात, नवऱ्यांना, आतल्या आत.

माझी गोष्ट संपली. मी साहेबांना म्हटलं, "आता विचारा. वरवंटा तयार आहे."

साहेब हसले. "छान आहे हो स्टोरी. शलाका, बस तू. विचारून घे नीट एकदाचं. मी तोवर फोन करून येतो, इथे रेंज नाही." आणि मोटार घेऊन जरा पुढे गेले.

ती बाई पाट्यावर बसली. ओढणी खोचली. हौसाने लसूण-मिरची टाकली आणि मी पाहिलं, हात सराईत होता. खांद्यापासून फिरत होता, मनगटापासून नाही.

"घरी मिक्सर असेल ना, ताई?" हौसाने विचारलं.

"आहे. पण शेंगोळीला मी खलबत्त्यातच कुटते. भरड राहतं."

"पाण्यात कधी सोडता?"

"खळखळून उकळी आल्यावर. थोडं पीठ कालवून वरून लावते, रस्सा मिळून येतो."

हौसाने पाट्यावरचं वाटण बोटाने चाखलं. मग तिच्याकडे बघत राहिली. "गरम खाता ना?"

"मी हाक मारते," बाई म्हणाली. "ते येतात सवडीने. टीव्ही असतो, फोन असतो."

"मग तोवर ती थिजते, रस्सा आटतो. त्याचाच लगदा होतो." हौसा हसली नाही. "तुमचं काही चुकत नाही, ताई. मी पण अशीच करते. अगदी अशीच."

वरवंटा थांबला. बाईने पाण्याने हात धुतले, पाटाही धुतला, आणि वाटण गोळा करून हौसाच्या वाटीत ठेवलं. इतक्यात साहेब परत आले, किल्ली फिरवत.

"काय, झालं का? कळलं का शेवटी काय चुकतं तुझं?"

ती उभी राहिली. ओले हात ओढणीला पुसले. त्यांच्याकडे पाहिलं, मग पाट्याकडे, मग हौसाकडे.

"अगं, बोल ना. काय म्हणाली ती?"

तिने वरवंट्याकडे बोट दाखवलं, मग वळली आणि मोटार मागे टाकून घाटाच्या चढाने चालू लागली.