दोन घरच्या दोन वाट्या

एका गावात एक सोनार होता. गावातल्या प्रत्येक लग्नाचे सोने एकदा तरी त्याच्या तराजूत बसून गेलेले होते. मंगळसूत्रातली एक वाटी माहेरची आणि एक सासरची, अशी तिथली रीत. दोन्ही घरे आपापले सोने आणून देत आणि सोनार दोन्ही वाट्या करून काळ्या मण्यांत ओवून देई.

एकदा टोपल्या विणणारी एक विधवा त्याच्याकडे आली. मुलीचे लग्न चार दिवसांवर आले होते. तिने कानातली फुले काढून त्याच्या हातावर ठेवली.

"याची वाटी मुगाएवढीच होईल, बाई," सोनार म्हणाला.

"सासरची केवढी आहे?"

"चांगली चिंचोक्याएवढी."

ती जवळ सरकली. "दादा, आतून तांबं घाला आणि वरून सोनं चढवा. आमची वाटी बारकी दिसली तर माझ्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

"घालता येईल. पण उद्या अडीअडचणीला पोरगी तीच वाटी घेऊन माझ्याकडे आली, तर तिला काय सांगू?"

विधवेने मान हलवली. मग म्हणाली, "नको. आहे तेवढीच करा."

दोन दिवसांनी मुलाची आई आपली वाटी पाहायला आली. शेजारी ठेवलेली इवलीशी वाटी पाहून तिने विचारले, "ही कुणाची?"

"तुमच्या विहीणबाईंची. कानातली फुलं मोडून केली."

ती फुले तिने सुपारी फुटली त्या दिवशी पाहिली होती. विहीणबाईंच्या अंगावर तेवढेच सोने होते. तिने आपली वाटी तळहातावर घेतली, थोडा वेळ पाहिली आणि सोनाराला परत दिली.

"ही आटवा. त्यांच्या मापाची करा."

"आणि उरलेलं सोनं?"

"नातवंडांच्या बाळलेण्याला होईल."

लग्नात मंगळसूत्राचे ताट बायकांमधून फिरले. मुलाची आत्या नाक मुरडून म्हणाली, "वहिनी, एवढं मोठं आपलं घर आणि वाटी मुगाएवढी? सोनार झोपला होता की काय?"

"वन्सं, सुनेचा एक डोळा मोठा आणि एक बारका असता, तर चाललं असतं का तुम्हाला? मग वाट्याही सारख्याच बऱ्या."

मांडवाच्या खांबाआड विधवा पदराने कान झाकून उभी होती. तिने ते ऐकले. पदर सारखा करून, उघड्या कानांनी ती पुढे आली आणि मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

तात्पर्य: ज्याच्याकडे जास्त आहे त्याने आपले माप थोडे लहान केले, की दुसऱ्याला मान वर करून उभे राहता येते.