धनेशाच्या घशात अडकलेला शब्द

एका राज्यात शब्दात शब्द मिसळायची बंदी होती. मिसळला तर राज्य बुडेल, आणि का बुडेल हे कधी विचारू नये, असा नियम होता. वैजयंता अक्षरे गिरवू लागली त्याच दिवशी राजगुरू धर्मपालांनी तिच्याकडून तो पाठ करून घेतला. तिने पाठ केला, मग "का?" असे विचारले, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पुढे वैजयंता राज्याच्या पाठशाळेत सर्वांपेक्षा जास्त शिकली, पण तो प्रश्न तिने सोडला नाही. तिला आईबाप नव्हते, एक धाकटी बहीण होती, बकुळ. बकुळ जन्मापासून बोलत नसे. तिच्याजवळ एक हसू तेवढे होते, आणि त्यावर तिचे सगळे भागे. दोघी बहिणी दार लावून बंदी मोडत. वैजयंता चिखल घेई, लोळण घेई, दोन्ही कालवून म्हणे, "चिखलोळण!" बकुळ हसली की शब्द पक्का, नाही हसली की बाद. भुकंटाळा असाच पक्का झाला होता. खायला हवे की खेळायला, हे दुपारी ज्याला कळत नाही, त्याला भुकंटाळा आलेला असतो.

एके सकाळी बकुळ उंबऱ्याला ठेचकाळली. तिने भोकाड पसरले, आणि बहिणीचा घाबरलेला चेहरा पाहून रडता रडताच हसत सुटली.

"अगं, हे तर रडसू!" वैजयंता म्हणाली. बकुळ लोटपोट हसली.

त्याच दिवशी धनेश यायचा होता.

हा धनेश म्हणजे ग्रासनाथ नावाचा मांत्रिक. मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याच्या रूपात तो दरवर्षी येई, सभामंडपाच्या कठड्यावर बसे आणि राज्याकडे एक शब्द मागे. नाही दिला तर नदी गिळीन म्हणे. त्याने शब्द गिळला की तो साऱ्यांच्या जिभेवरून पुसला जाई, आणि तो शब्द ज्या गोष्टीचा, ती गोष्टही जाई. कोणता शब्द द्यायचा हे ज्येष्ठसभा ठरवी. शीळ गेली, गुदगुली गेली, झोका गेला. वडाला दोर लोंबत राहिले, पण ते कशाला बांधलेत हे मुलांना सांगता येईना. सभेतल्या पांढऱ्या दाढ्यांना जे लागत नव्हते, तेच दरवर्षी जात होते.

"या वर्षी काय?" धनेशाने विचारले.

राजगुरू उठले. "हसू घेऊन जा."

"थांबा!" वैजयंता ओरडली.

"खाली बस, मुली. हसण्यावाचून राज्य चालतं."

धनेशाने चोच उघडली आणि मिटली. बकुळच्या ओठांचे कोपरे खाली आले. काहीतरी हरवल्यासारखी ती दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा चाचपू लागली.

वैजयंता कठड्यापाशी गेली. "माझ्या बहिणीचं परत दे."

"काय परत देऊ?" धनेश म्हणाला. "नाव सांग."

तिला सांगता येईना.

धनेशाने पंख झाडले. "मी कधी न चाखलेले तीन शब्द भरव. भरवलेस तर तिचं तिला मिळेल. एक जरी चाखलेला निघाला तर तुझं नाव माझं, मग बहीणसुद्धा तुला ओळखणार नाही." त्याने राजगुरूंकडे तिरपे पाहिले. "पण या राज्यात नवे शब्द करतं कोण?"

"मी करते."

"वैजयंते, नियम!" राजगुरू गरजले. "राज्य बुडेल!"

"का बुडेल?"

सभेत कुणालाच ठाऊक नव्हते. भालदारांनी भाले आडवे धरले. राजाने बकुळच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "तिला बोलू द्या."

"चिखलोळण," वैजयंता म्हणाली.

धनेशाने गिळला. गळा एका बाजूला फुगला. "चालेल," तो खोकत म्हणाला.

"भुकंटाळा."

"भूक मी ओळखतो!"

"कंटाळाही ओळखत असशील. दोघांना एका ताटात जेवताना पाहिलंस कधी?"

धनेशाला तोही गिळावा लागला. त्याचे डोळे लाल झाले.

तिसरा शब्द मात्र येईना. कोणता शब्द पक्का आणि कोणता बाद, हे आजवर बकुळ ठरवी. आता ती दगडासारखी बसली होती. धनेश सरकत जवळ आला आणि चोच वासून हलकेच म्हणाला, "वै... ज..." वैजयंतेला आपले नाव अंगावरून सुटत चालल्यासारखे वाटले. बकुळने वैजयंतेकडे परक्यासारखे पाहिले आणि ती रडू लागली.

तेव्हा वैजयंतेच्या जिभेला एक शब्द लागला. त्याचा पुढचा तुकडा रडण्याचा होता. मागचा कुणाचा, ते तिला मुळीच आठवेना.

"रडसू," ती म्हणाली.

धनेशाने गिळला, पण शब्द खाली उतरेना. बाहेर बकुळच्या रडण्याने त्याचे एक टोक धरून ठेवले होते, आणि पोटात दुसऱ्या टोकाला आपले हरवलेले हसू सापडले होते. रडणे ओढू लागले. चोचीतून आधी हसू आले, त्याला धरून गुदगुली आली, मग झोका, मग लांब शीळ. बकुळ रडता रडता हसली. वडाखालच्या मुलांनी दोर ओळखले.

पिसे गळाली. कठड्यावर एक वाळकासा म्हातारा उरला.

"आमच्या राज्यात ही बंदी कुणी घातली?" राजाने त्याला विचारले.

"मीच यांच्या आजोबांच्या कानात सांगितली," म्हातारा राजगुरूंकडे बोट दाखवत म्हणाला. "का, ते त्यांनीही विचारलं नाही." एवढे बोलून तो दगड झाला. अजून तिथेच आहे.

राजगुरूंनी उपरणे सावरले. "संकट टळलं. आता सगळं पूर्वीसारखं होऊ दे. ये वैजयंते, यापुढे शब्द मिसळणार नाही अशी शपथ घे."

"नाही घेणार."

"आम्ही वडीलधारे आहोत."

"म्हणून पाया पडते. शपथ नाही घेणार. का घ्यावी, ते आधी सांगा."

राजगुरूंनी सभेकडे पाहिले आणि सभेने राजगुरूंकडे. त्या पाहण्यात थोडी लाज होती, थोडी सुटका होती, आणि त्याला अजून नाव नव्हते. बकुळने बहिणीचा पदर ओढला आणि हसायच्या तयारीने तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.