जैतूमायचा केशरी झरा

आजोबांचे आजोबाही ज्या काळाला जुना म्हणायचे, त्या काळातली ही गोष्ट. चुनखडीच्या डोंगरावर मोहगुडा नावाची वस्ती होती. तिथं जैतू नावाची बाई राहायची. वस्तीजवळ खडकात एक खोल विवर होतं. पावसाळ्यात माथ्यावरचं सगळं पाणी गरगरत त्यात शिरायचं आणि नाहीसं व्हायचं. लोक त्याला डोंगराचं तोंड म्हणत.

जैतूची एकुलती लेक रुपी पायथ्याच्या झरीगुड्यात दिली होती. तिथं खडकातून बारमाही झरा वाहायचा.

एका वर्षी मोहगुड्यात गुरांना रोग आला. मेलेली गुरं लोकांनी त्या विवरात लोटली. मग पाऊस झाला आणि खाली झऱ्याच्या पाण्याला घाण सुटली. झरीगुड्यात माणसं आजारी पडली, लेकरं दगावली. "वरच्यांनी करणी केली," असं म्हणत त्यांनी वाटेवर काटेरी कुंपण घातलं. येणं-जाणं तुटलं. रुपीचं माहेर तुटलं.

जैतू रोज विवराच्या काठावर बसायची. लेकीच्या गावाकडं पाहायची. एक दिवस तिच्या मनात आलं, हे पाणी जातं तरी कुठं? ती वस्तीच्या प्रमुखाकडं, नाईकाकडं गेली.

"आपलंच पाणी खाली निघते. ती गुरं बाहेर काढा," ती म्हणाली.

नाईक हसला. "पाणी पाताळात जाते, जैतू. तिथून का ते परत येते?"

तेव्हा पळस फुलला होता. जैतूनं फुलं वेचली, उकळली, त्यात चुन्याची निवळी घातली. असा गडद केशरी रंग पंचक्रोशीत तिलाच जमायचा. उन्हाळ्यात माथ्यावर पाणी मोजूनच मिळायचं; तरी स्वतःच्या वाट्याचं पिण्याचं पाणी ती त्या रंगात घालायची आणि घडे विवरात रिते करायची. वाकून हाक मारायची, "रुपे, ते पाणी पिऊ नको वं!"

मग कड्यावर जाऊन खालच्या झऱ्याकडं बघायची. पाणी पांढरंच दिसायचं. पळसाची झाडं रिकामी झाली, ऊन चढलं, लोक तिला वेडी म्हणू लागले. तहानेनं सुकलेली जैतू पाऊस येण्याआधीच गेली. शेवटपर्यंत तिचं तोंड कड्याकडं होतं, असं सांगतात.

पुढं आभाळ फाटलं. विवर घटाघटा पाणी प्यालं आणि खाली झरा केशरी झाला. सात गावांना दिसेल असा, ओढ्यातले दगडही रंगले, असं सांगतात.

रुपीनं ओंजळ भरली, पदर पाण्यात बुडवला आणि ओरडली, "हा माझ्या मायचा रंग आहे!"

ती कुंपण तुडवत, रक्ताळलेल्या पायांनी डोंगर चढली. घराचं दार उघडं होतं. आत रंगानं माखलेले घडे होते. माय नव्हती.

रुपीनं रंगलेला पदर नाईकापुढं धरला. दोर घेऊन नाईकच आधी विवरात उतरला. दोन्ही गावांनी मिळून गुरांची हाडं वर काढली, काठाला दगडी गडगा घातला. पुढच्या पावसात झरा गोड झाला.

आजही पावसाळा सरला की झरीगुड्यातल्या लेकी-सुना झऱ्याचं पाणी डोक्यावर घेऊन डोंगर चढतात. विवराच्या काठी ते ओततात आणि म्हणतात, "जैतूमाय, पाणी गोड आहे."

मग सगळ्याजणी वाकून कान देतात. आतून उत्तर आल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. तरी घाईनं कुणी डोंगर उतरत नाही.